दुसऱ्याच्या अर्जात आपलं वाक्य नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विद्यापीठात शिकवता शिकवता यंदापासून शिष्यवृत्त्या आणि फेलोशिपच्या मार्गदर्शनाचं कामही तुमच्याकडे आलंय. मुलं अर्जासोबत द्यायच्या निवेदनाचा कच्चा खर्डा घेऊन येतात आणि "जरा नीट करून द्या ना" म्हणतात. किती करून द्यायचं? कोणाला पुढे करायचं, हे कसं ठरवायचं? ज्यांना मिळत नाही त्यांना काय सांगायचं? आणि पहिल्या वर्षी गुण घसरलेल्या एका मुलीला मोठ्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचाय, मुदत सहा आठवड्यांवर आलीय. तिला प्रोत्साहन द्यावं की वास्तव सांगावं?

हे काम मी अठरा वर्षं करतेय. सुरुवातीची माझी सगळ्यात वाईट चूक आधी सांगते, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन होईल.

सार्वजनिक आरोग्य शिकणारा एक मुलगा होता. काम उत्तम, लिहिणं ओबडधोबड. मुदतीला दोन दिवस होते. मी त्याचं निवेदन घरी नेलं आणि दोन रात्री बसून नव्यानं लिहून काढलं. मुलाखतीला बोलावणं आलं तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मुलाखतीत समितीतल्या एका बाईंनी कागद वर धरून विचारलं, "तुम्ही लिहिलंय की आरोग्यसेवेची पोहोच हा अंतराचा प्रश्न नसून विश्वासाचा आहे. म्हणजे नेमकं काय?" ते वाक्य माझं होतं. त्यानं त्याबद्दल कधी विचारच केला नव्हता. तो काहीतरी बोलला, मग गप्प झाला, आणि पुढची वीस मिनिटं सावरलाच नाही. नंतर मला म्हणाला, "वाक्य छान होतं, पण माझं नव्हतं ना." तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून जास्त लागलं. आणि खरं सांगायचं तर आज ते वाक्य वाचलं की मलाही त्याचा अर्थ नीट सांगता येत नाही.

तेव्हापासून मी खर्डा वाचताना हातात फक्त पेन्सिल ठेवते आणि समासात फक्त प्रश्न लिहिते. "हे कधी?" "तू नेमकं काय केलंस?" "इथे मला कळलं नाही." "हे कोणीही लिहू शकेल." शुद्धलेखन दाखवते, पण दुरुस्त त्यानं करायचं. पर्यायी वाक्य मात्र सुचवत नाही, कितीही जिभेवर आलं तरी. काही ठिकाणी तर तसा नियमच आहे. ऑक्सफर्डला शिकायला नेणाऱ्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीला अमेरिकेतून अर्ज करणाऱ्याला निवेदन पूर्णपणे आपलंच आहे, दुसऱ्या कोणी त्यावर हात फिरवलेला नाही, असं लिहून द्यावं लागतं. म्हणून प्रत्येक योजनेचा नियम आधी वाचा. काही ठिकाणी तुम्ही खर्डा नुसता वाचणंसुद्धा चालत नाही, आणि ते माहीत नसताना केलेली मदत मुलाच्या अंगाशी येते.

हल्ली मुलं एआयकडून लिहून आणतात. मला त्याचा राग येत नाही, मी स्वतः एकेकाळी तेच यंत्र होते. समोर बसवून मी फक्त विचारते, "या परिच्छेदातलं कुठलं वाक्य तू मुलाखतीत दहा मिनिटं लढवू शकशील?" बहुतेक वेळा पोरं स्वतःच कागद घडी करून पिशवीत टाकतात.

मग मदत म्हणजे करायचं काय? ऐकायचं. हे मवाळ वाटेल, पण या कामातला सगळ्यात कष्टाचा भाग तोच आहे. जलविज्ञानातली एक मुलगी आली होती. निवेदनाची सुरुवात "लहानपणापासूनच मला निसर्गाची ओढ होती" अशी. (अशी सुरुवात मी इतक्यांदा वाचलीय की त्या सगळ्यांना एकच बालपण मिळालं होतं की काय, असं वाटतं.) मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, गेल्या वर्षभरात कुठल्या गोष्टीनं तुला झोपू दिलं नाही? ती आधी लाजली, मग बोलायला लागली. ओढ्यात तिनं पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर बसवला होता. पाऊस नसतानाही पातळी दोन-तीन सेंटिमीटरनं वरखाली होत होती. मार्गदर्शक म्हणाले, काठावरची झाडं दिवसा पाणी ओढतात, त्याचा परिणाम असेल. तिला ते पटेना, कारण तिच्या आलेखात पातळी दिवसातून दोनदा चढत होती आणि झाडांचं चक्र दिवसातून एकदाच फिरतं. तीन आठवडे डोकं खाजवल्यावर तिच्या लक्षात आलं की सेन्सर पाण्याबरोबर वरच्या हवेचाही दाब मोजत होता. हवेचा दाब रोज दोनदा चढतो-उतरतो, आणि तो वजा करायचा तिच्याकडूनच राहून गेला होता.

"हे का नाही लिहिलंस?" मी विचारलं. ती म्हणाली, "त्यात तर माझीच चूक सापडली."

ती बोलत असताना मी तिचेच शब्द कागदावर टिपले होते. तो कागद तिच्या हातात दिला आणि तिला घरी पाठवलं. माझी मदत एवढीच. पुढचं निवेदन तिनं लिहिलं, त्यात माझं एकही वाक्य नव्हतं आणि बालपणही नव्हतं. मार्गदर्शकांचं स्पष्टीकरण सोयीचं असताना आलेखातला दुसरा चढ पाहून अडून बसणारी मुलगी त्या पानावर दिसत होती. संशोधनाची फेलोशिप देणाऱ्यांना नेमकी हीच व्यक्ती हवी असते, आणि "मी चिकाटीची आहे" असं लिहून ती दाखवता येत नाही.

आता कोणाला पुढे करायचं ते. इथे बहुतेक विद्यापीठं गुणांची यादी काढतात आणि वरून पाच नावं उचलतात. ही पद्धत सोपी आहे आणि बऱ्याचदा चुकीची. प्रत्येक शिष्यवृत्ती हा कोणीतरी, कुठल्यातरी काळात, विशिष्ट हेतूनं ठेवलेला पैसा असतो, आणि तो हेतू आजही निवडीच्या निकषांत जिवंत असतो. सेसिल ऱ्होड्सनं मृत्युपत्रात स्पष्ट लिहिलं होतं की त्याला निव्वळ पुस्तकी किडे नकोत. १९०२ मध्ये तो गेला आणि त्या मृत्युपत्रातून शिष्यवृत्ती उभी राहिली. त्याच मृत्युपत्रानं ती फक्त पुरुषांसाठी ठेवली होती, आणि स्त्रियांना दार उघडायला १९७७ साल उजाडावं लागलं. म्हणजे देणाऱ्याचा हेतू वाचताना डोळे मिटून नमस्कार करायचा असंही नाही. अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती १९४६ ची. युद्धानंतर परदेशांत पडून राहिलेलं अमेरिकेचं सामान विकून येणाऱ्या पैशातून देशादेशांत माणसांची देवाणघेवाण करायची, ही त्यामागची कल्पना. त्यामुळे "माझ्या विषयाची सगळ्यात चांगली प्रयोगशाळा तिथे आहे" एवढ्यावर फुलब्राइटचा अर्ज उभा राहत नाही. हा माणूस परक्या गावात लोकांत मिसळेल का, हे तिथे पाहतात. अमेरिकी विद्यार्थ्यांना ब्रिटनमध्ये शिकायला नेणारी मार्शल शिष्यवृत्ती ब्रिटननं १९५३ मध्ये मार्शल योजनेबद्दल, म्हणजे महायुद्धानंतर युरोप सावरायला मिळालेल्या मदतीबद्दल, अमेरिकेचे आभार म्हणून सुरू केली. दोन देशांमधलं नातं हा तिचा पाया. केंब्रिज विद्यापीठात शिकण्यासाठीच्या गेट्स केंब्रिज शिष्यवृत्तीच्या चार निकषांत बौद्धिक कुवतीच्या बरोबरीनं इतरांचं आयुष्य सुधारण्याची बांधिलकी आहे. तीच बुद्धी घेऊन एखादा अमेरिकी विद्यार्थी त्यांच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या संशोधन फेलोशिपकडे गेला, तर तिथे शास्त्रीय मोल आणि समाजाला होणारा व्यापक उपयोग या दोन तराजूंत प्रत्येक अर्ज तोलतात.

ब्रिटनमध्ये शिकायला नेणाऱ्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचं उदाहरण तर मी दर वर्षी देते. ब्रिटन सरकारला त्यातून उद्याचे नेतृत्व करणारे लोक हेरायचे असतात, म्हणून तिथे नेतृत्वावर आणि माणसं जोडण्यावर वेगवेगळे निबंध मागतात, आणि २,८०० तासांच्या कामाचा अनुभवही लागतो. हे साधारण दोन वर्षांचं पूर्णवेळ काम झालं. अर्धवेळ काम, इंटर्नशिप, स्वयंसेवा यांचे तास धरतात, तरी शेवटच्या वर्षातला मुलगा क्वचितच तिथवर पोहोचतो. असे अर्ज पात्रतेची ओळ न वाचता महिनाभर घासूनपुसून तयार केलेले मी पाहिलेत. वरातीमागून घोडं.

तर निवड करताना मी उलटी सुरुवात करते. आधी योजना बाजूला ठेवायच्या आणि मुलाला विचारायचं, पुढच्या पाच वर्षांत तुला काय करायचंय? उत्तर मिळालं की त्या वाटेवर कुठली शिष्यवृत्ती भेटते ते पाहायचं. कधी एकही भेटत नाही. तेही सांगायचं. "सगळीकडे अर्ज करून बघू" म्हणणाऱ्याचे सातही अर्ज सारखेच गुळगुळीत होतात.

आणि तुमच्या दारात येतात तेवढ्यांतूनच निवडू नका. आत्मविश्वास असलेली मुलं आपणहून येतात. ज्यांच्या घरात कोणी विद्यापीठ पाहिलेलं नाही, ज्यांना "आपलं नाही हे" असं वाटतं, ती येत नाहीत. मी वर्षातून एकदा प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सहायकांना आणि ग्रंथालयातल्या लोकांना विचारते, बंद करायच्या वेळी कोणाला उठवावं लागतं? माझे काही सगळ्यात चांगले उमेदवार त्या उत्तरातून मिळालेत.

शिफारसपत्रांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते निम्मे अर्ज तिथेच बुडतात. प्राध्यापक व्यग्र असतात, जुनं पत्र काढतात, नाव बदलतात. "विद्यार्थिनी नियमित, कष्टाळू व विनयशील आहे." निवड समितीला हे वाचून काय कळणार? उलट स्तुतीची वही भरली की मजकूर नाही असाच अर्थ काढला जातो. यात आणखी एक खोड आहे. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून निवड झालेल्यांची तीनशेहून जास्त शिफारसपत्रं तपासली होती, आणि तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीनं आखूड होती. त्यांत मेहनतीचा उल्लेख जास्त, संशोधनाचा कमी, आणि शंका पेरणारी वाक्यंही अधिक. ही सगळी निवड झालेल्यांची पत्रं होती, हे ध्यानात घ्या. लिहिणाऱ्यांच्या मनात खोट नसणार, पण हात त्याच वळणानं गेला. मी हे आमच्या सहकाऱ्यांना दर वर्षी सांगते, आणि दर वर्षी कोणीतरी म्हणतं, "मी तर मुलींचं कौतुकच करतो." हो, आणि ते कौतुक टापटिपीचं असतं.

उपाय साधा आहे. विद्यार्थ्यानं रेफरीला, म्हणजे शिफारसपत्र लिहिणाऱ्याला, एक पान द्यावं. त्यात त्या योजनेचे निकष, मुदतीची तारीख, पोर्टलवर पत्र कसं चढवायचं ते, आणि "तुमच्या वर्गात किंवा प्रकल्पात मी हे केलं होतं" अशा दोन-तीन घटना असाव्यात. पत्राचा मसुदा मात्र देऊ नये, मागितला तरी. तीन रेफरी असतील तर तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी पाहिलेल्या असाव्यात. आणि मोठ्या पदावरच्या, पण नीट न ओळखणाऱ्या माणसापेक्षा रोज काम पाहणारा कनिष्ठ अध्यापक केव्हाही बरा. मुलांना हे पटवणं कठीण जातं. त्यांना कुलगुरूंचीच सही हवी असते.

मुलाखतीच्या तयारीबद्दल फार लिहीत नाही. बहुतेकांना दोन सराव मुलाखती पुरतात. पहिलीत विषयाचा माणूस बसवा, दुसरीत विषय अजिबात न कळणारा. सरावात मी एकच गोष्ट मुद्दाम करते: उत्तर येणार नाही असा प्रश्न विचारते आणि थांबते. "मला माहीत नाही, पण असा विचार करून पाहीन" हे वाक्य तोंडातून निघायला काही जणांना तीन बैठका लागतात. सहाव्या सरावानंतर मात्र उत्तरं पाठांतरासारखी ऐकू येऊ लागतात. तिथे थांबवा.

न मिळालेल्यांचं काय, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. आकडे मी पहिल्याच भेटीत सांगते. मार्शलच्या वर्षाला जास्तीत जास्त पन्नास जागा, त्याही अख्ख्या अमेरिकेतल्या अर्जदारांतून. गेट्स केंब्रिजच्या जगभरातून मिळून ऐंशीच्या आसपास. अगदी लायक माणसालाही न मिळण्याचीच शक्यता जास्त. मग विचारते: "ही मिळणार नाही असं आज कळलं, तरी या अर्जासाठी करावा लागणारा विचार तुला उपयोगी पडेल का?" होय म्हणाला तर पुढे जायचं. नुसत्या नावासाठी अर्ज करणारा इथेच गळतो, आणि गळावाच. निकालानंतर पहिले दोन दिवस मी काही बोलत नाही. नंतर बोलावते, पण "कुठे चुकलं" शोधायला नाही, कारण बहुतेक वेळा ते आपल्याला कळतच नाही. समित्या कारणं देत नाहीत, आणि आपण अंदाजानं दिलेलं कारण पोर आयुष्यभर खरं धरून बसतं. त्यापेक्षा त्याच निवेदनातून पुढच्या वर्षीचा प्रवेशअर्ज किंवा संशोधनाचा प्रस्ताव कसा काढता येईल, ते आम्ही बघतो.

मिळालेल्यांशीही एकदा बसा. चेव्हनिंगनंतर किमान दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. फुलब्राइटवर अमेरिकेत जाणाऱ्यांनाही व्हिसाचा दोन वर्षांचा असाच नियम लागतो. पेढे वाटून झाल्यावर हे वाचणारे खूप असतात. माझ्याकडच्या एका मुलीनं तिच्या जोडीदाराचं परदेशातलं काम आणि ही अट यांचा मेळ बसेना म्हणून मिळालेली शिष्यवृत्ती परत केली. तिचा निर्णय बरोबर होता, पण तो अर्जाआधी घेता आला असता आणि ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली असती. अट मला माहीत होती आणि मी तिला विचारलं नव्हतं. आता विचारते.

आता तुमची ती विद्यार्थिनी. वडिलांच्या आजारपणात तिचं पहिलं वर्ष गेलं आणि पुढच्या दोन वर्षांत गुण सतत चढत गेले, असं तुम्ही लिहिलंय. सगळ्यात आधी त्या योजनेत एकूण गुणांची किमान अट आहे का ते पाहा. असेल आणि ती त्याखाली असेल, तर कितीही सुंदर निवेदन तिला वाचवणार नाही. आजच सांगा आणि दुसरी योजना शोधा. तशी अट नसेल, तर चढती रेघ ही तिची बाजू आहे. गुणपत्रक समितीसमोर जाणारच आहे, तेव्हा ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षाबद्दल दोन ओळी पुरेत: काय झालं, आणि त्यानंतर काय बदललं. अर्जात त्यासाठी वेगळी जागा असेल तर तिथे, नाहीतर एखाद्या रेफरीनं आपल्या पत्रात लिहिलेलं उत्तम. त्याच्या तोंडून ते सफाईसारखं वाटत नाही.

मात्र वडिलांचं आजारपण हाच निवेदनाचा विषय करायला तिला सुचवू नका. हल्ली मुलांना वाटतं की समितीला रडवलं पाहिजे. कोणीतरी त्यांना तसं सांगितलेलंही असतं. आपलं दुःख अनोळखी लोकांपुढे मांडायचं की नाही हा सर्वस्वी तिचा निर्णय, आणि ते न मांडताही अर्ज भक्कम करता येतो, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. तिनं आपणहून लिहिलं तर ते अडवायचंही कारण नाही.

सहा आठवडे थोडे आहेत, पण पुरतील. रेफरींना याच आठवड्यात विचारायला सांगा, कारण उशीर नेहमी त्यांच्याकडूनच होतो. भाषेची परीक्षा लागत असेल तर तिची तारीख आज घ्यायला हवी. ती फी तिला झेपणार नसेल तर विद्यापीठाकडून काही होतं का, ते तुम्ही बघा, तिला मागायला लावू नका. निवेदनासाठी पहिल्या भेटीला कागद न आणता यायला सांगा. तुम्ही मात्र कोरा कागद जवळ ठेवा, तिचे शब्द टिपायला. गुणांचा विषय तिनं काढला तरच काढा.